गळ्यापर्यंतचं कवच

सोमवारी शिलाईचं दुकान बंद असतं, म्हणून आत्याने सगळ्यांना सोमवारीच बोलावलं. बोलावलं कसलं, हुकूम सोडला. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन तिला सतरा वर्षं झाली होती, पण घरच्यांना ती अजून चौथीतलेच समजत होती. "दहा वाजता म्हणजे दहा वाजता," असं तिने ताईला फोनवर बजावलं आणि लगेच दुसरा फोन लावला. तो कुणाला, हे काही सांगितलं नाही.

ताईला ते सोमवारी पावणेदहाला कळलं. अर्धं उघडलेलं शटर कुणीतरी बाहेरून वाजवलं. ताईने बघितलं तर शटरखाली दोन पाय दिसत होते आणि त्यातला एक काठीसारखा ताठ होता.

टाचणी आला होता.

ताईचा हा धाकटा भाऊ लहानपणी इतका बारीक होता आणि दुकानात सांडलेल्या टाचण्या वेचण्यात इतका पटाईत, की वडिलांनी त्याला तेच नाव ठेवलं. आता तो पन्नाशीला टेकला होता, पोट सुटलं होतं, केस पिकले होते, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. बावीस वर्षांत तो या दुकानापाशी एकदाच आला होता, आई गेली तेव्हा. त्या दिवशीही तो पायरीवरच उभा राहिला आणि तिथूनच परत गेला.

"आत ये की," ताई म्हणाली. "पाहुण्यासारखा बाहेर का उभा आहेस?"

"शटर वर कर थोडं. मला वाकता येत नाही."

ताईने घाईघाईने शटर वर ढकललं. एवढंसुद्धा आपल्याला सुचू नये, याची तिला लाज वाटली. ताडपत्रीच्या कारखान्यात गठ्ठा पडून त्याचा गुडघा कायमचा गेला, हे तिला आत्याकडून कळलं होतं. तेव्हा ती भेटायला गेली नव्हती. जायचं ठरवून दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली.

आत आत्या आधीच येऊन मोठ्या कटिंग टेबलापाशी बसली होती. ताईचे यजमान चहा घेऊन आले. हा माणूस पाणीपुरवठा खात्यात पंपांवर नोकरी करून निवृत्त झालेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी टाचणीला चहा दिला आणि न बोलता एक स्टूल त्याच्या ताठ पायाखाली सरकवलं.

"तर आता नीट ऐका," आत्याने सुरुवात केली. "डॉक्टरांनी सांगितलंय, उद्यापासून दादाला झोपेचं जड औषध द्यायचं. ते सुरू झालं की तो शांत राहील, पण मग फारसा जागा होणार नाही आणि बोलेल ही आशा सोडायची. म्हणजे माझा भाऊ आजच्यापुरता आहे. कळलं?"

ताईच्या यजमानांनी फक्त मान हलवली.

मास्तर, म्हणजे ताईचे आणि टाचणीचे वडील, मागच्या खोलीत झोपून होते. पूर्वी गिऱ्हाइकं तिथे कपडे घालून बघायची. भिंतीवरच्या उंच आरशावर आता चादर टाकलेली असे, कारण आरशातल्या म्हाताऱ्याला मास्तर गिऱ्हाईक समजायचे आणि त्याच्या सदऱ्याचा खांदा उतरलाय म्हणून त्रागा करायचे. चार महिन्यांपूर्वी झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. साठ वर्षं कात्री धरलेला हात गेला. बोलणं तुकड्यातुकड्यांनी परत आलं. पूर्ण परत आलं ते एकच, चंद्राचं कवच. आणि तेही पूर्ण नाही, हेच तर दुखणं होतं.

हे कवच मास्तर आयुष्यभर रोज सकाळी शटर उघडायच्या आधी म्हणत. "हात हा मनाचा नोकर," ते सांगायचे, "आणि मनाचा मालक चंद्र. मालकाला आधी राजी ठेवावं, मग नोकर चुकत नाही." त्या कवचात डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव चंद्राच्या हवाली करायचा, दर अवयवाला चंद्राचं नवं नाव घेऊन. शिंप्याच्या पोरांना ते पाठ व्हायला वेळ लागला नाही. डोकं, गळा, खांदे, छाती, कंबर, मापाच्या वहीतला क्रम आणि हा क्रम जवळजवळ एकच. घरातलं कुणी लांब जायला निघालं की मास्तर त्याला समोर उभं करत आणि त्या त्या अवयवावर हात ठेवून त्याच्यासाठी कवच म्हणत. पायांवर हात ठेवून झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा घरचा नियम होता.

आता मास्तर दिवसातून वीस-पंचवीस वेळा कवच सुरू करत. कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड करत गळ्यापर्यंत येत आणि तिथे थांबत. डावा हात हवेत तसाच राही. मग चेहरा लाल होई, डोळे भरून येत आणि ते पलंगाच्या कठड्यावर हात आपटू लागत. मनगट सुजलं होतं.

"पुढचा शब्द अडतो त्याला," आत्या टाचणीला समजावत होती. "गळ्यानंतर खांदे, आणि खांद्यांना चंद्राचं नाव काय? जैवातृक! झटका न आलेल्या माणसाची जीभ अडखळते, तिथे दादाचं काय? मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगासमोर टांगला, तर त्याने चष्माच फेकून मारला त्याला. मला वाटतं, मुलाच्या तोंडून ऐकलं तर पुढे जाईल. तू म्हण त्याच्याबरोबर."

टाचणीने कपाकडे बघितलं.

मास्तरांना शब्द अडत नाही, हे ताईला चार महिन्यांपूर्वी पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांचा हात गळ्यापाशी आला आणि थांबला, त्या क्षणी तिने नजर वळवली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही.

"मी एक बोलू?" ताईचे यजमान म्हणाले. ते सहसा असं विचारत नसत, म्हणून सगळ्यांनी वर बघितलं. "औषध देऊन टाका. चार महिने ही बाई झोपलेली नाही. दिवसभर शिवण आणि दिवसभर कवच. गिऱ्हाइकं म्हणतात, ताईंच्या चेहऱ्यावर काय शांती आहे हो. त्यांना काय, चेहरा दिसतो. रात्री दात खाते ते मला ऐकू येतं."

"अहो," ताई म्हणाली.

"खरं तेच सांगतोय."

"तुला काय वाटतं?" आत्याने ताईला विचारलं.

इथे ताईने काय बोलायला हवं होतं, ते तिला नीट माहीत होतं. पण औषध दिलं की मास्तरांचा हात गळ्यापाशी थांबणार नाही. थांबला नाही की कुणी विचारणार नाही. उद्यापासून सगळं झाकलं जाईल, आणि तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीने. हा विचार तिच्या मनात आला आणि तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच पुढे तिला सगळ्यात जास्त शरम वाटली.

"देऊ या औषध," ती म्हणाली.

"तू हे म्हणतेस?" आत्याने चष्मा काढला. "परवापर्यंत तूच म्हणत होतीस, आत्या, थांब, मी म्हणेन कवच, मी शांत करेन त्यांना!"

"नाही होत ना शांत. मग किती दिवस हात आपटू द्यायचा?"

"मलाही तसंच वाटतं," टाचणी म्हणाला. "द्या औषध. आत्या, तू उगाच बोलावलंस मला."

बहीण-भावाचं बावीस वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं आणि तेही यावर! आत्या एकटी पडली. "छान," ती म्हणाली. "म्हाताऱ्याला गप्प करायला सगळे एक."

आणि त्याच वेळी मागच्या खोलीतून मास्तरांचा आवाज आला. कवच सुरू झालं होतं.

टाचणी उठला. कदाचित उठायचं नसावं त्याला, पण उठला आणि पाय ओढत मागच्या खोलीच्या दारात गेला. मास्तरांनी त्याला बघितलं. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी डावा हात उचलून पलंगाजवळच्या स्टुलाकडे बोट केलं. टाचणी पाय लांब पसरून स्टुलावर बसला आणि डोकं पुढे केलं, लहानपणी करायचा तसंच. मास्तरांनी कवच पहिल्यापासून सुरू केलं. डोक्यावर हात आला, मग कपाळावर. डोळ्यांवर आला तेव्हा टाचणीने डोळे मिटले. कान, नाक, तोंड. मग सुजलेल्या मनगटाचा तो हात गळ्यावर आला आणि थांबला.

"जैवातृक!" आत्या दारातून ओरडली. "दादा, जैवातृक!"

"आत्या, त्यांना शब्द येतो," टाचणी डोळे न उघडता म्हणाला. "ते इथेच थांबले होते तेव्हा."

"तेव्हा म्हणजे कधी?"

मास्तरांच्या तोंडाची हालचाल झाली. शब्द बाहेर यायला वेळ लागला. "पडदा," ते म्हणाले. "सांग. चुकलं... सांग."

आत्याला आता कुठे उमगलं. नाट्यगृहाच्या पडद्याची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण ती अशी माहीत होती की टाचणीने काम बिघडवलं, मास्तर रागावले आणि पोरगा रुसून गेला तो गेलाच.

गोष्ट अशी नव्हती. नाट्यगृहाने लाल मखमलीचा मोठा पडदा मास्तरांकडे दिला होता. मखमलीला लव असते. हात एका बाजूने फिरवला तर गुळगुळीत लागते, उलटा फिरवला तर अडते, आणि दिव्याखाली त्याच कापडाचे दोन रंग दिसतात. म्हणून कापायच्या आधी प्रत्येक पट्ट्यामागे खडूने बाण काढायचा, लव कुठे पडते ते दाखवणारा. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगावं लागत नाही. बाण काढायचं काम टाचणीचं असे. पण त्या आठवड्यात तो कोट-शिलाईच्या तीन महिन्यांच्या वर्गाला जायचं म्हणून सामान बांधत होता. ताई म्हणाली, तू जा, मी कापते. आणि बाण काढले नाहीत. माझ्या हाताला लव कळते, बाण कशाला, अशी तिची तेव्हाची मिजास. अकरा पट्ट्यांतले चार उलटे लागले. दिव्याखाली पडदा टांगला तेव्हा जुनं कापड मध्ये घुसडल्यासारखा दिसला.

नाट्यगृहाचा व्यवस्थापक दुकानात येऊन तोंडाला येईल ते बोलला, तेव्हा टाचणी निघायच्या तयारीत कवचासाठी मास्तरांसमोर उभा होता आणि मास्तरांचा हात त्याच्या गळ्यावर होता. चाळीस वर्षांत मास्तरांचं एक काम परत आलं नव्हतं. त्यांनी हात काढून घेतला. "बाण काढले नाहीस?" "मी कापलंच नाही, बाबा," टाचणी म्हणाला. मास्तरांनी ताईला विचारलं, कुणी कापलं? ताई खाली मान घालून म्हणाली, "मी काजं करत होते." तेवढंच. चार शब्द. टाचणीने तिच्याकडे बघितलं, पिशवी उचलली आणि उंबरा ओलांडला. त्यानंतर ती रोज कवच म्हणू लागली. लोकांना वाटलं, वडिलांचा वारसा घेतला पोरीने.

"सांग," मास्तर पुन्हा म्हणाले. त्यांचा हात गळ्यावरून हलत नव्हता. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं. पोराने चूक कबूल केल्याशिवाय पुढे कसं जायचं, आणि पुढे गेल्याशिवाय पोराला उघडं सोडून मरायचं कसं, या पेचात ते चार महिने अडकले होते. किंवा बावीस वर्षं.

टाचणीने डोळे उघडले. त्याने वडिलांचं सुजलेलं मनगट बघितलं.

"हो, बाबा," तो म्हणाला. "माझं चु..."

"नाही!" ताई ओरडली.

तिचा आवाज इतका मोठा होता की यजमान हातातला कप तसाच घेऊन बाहेरच्या खोलीतून धावत आले.

"त्याचं नाही चुकलं. बाबा, मी कापला पडदा. तो नव्हताच टेबलापाशी. मी कापला आणि मी खोटं बोलले."

टाचणीने मान वळवली नाही. मास्तर मात्र बघत राहिले. ऐकलेलं त्यांच्यापर्यंत पोचायला जो वेळ लागला, तेवढ्यात ताईला वाटलं, पोचू नये. मग वाटलं, पोचावं, आता तरी पोचावं.

"काजं," मास्तर म्हणाले.

"काजं नव्हते करत, बाबा."

"अगं, चोर सोडून संन्याशाला सुळी!" आत्याच्या तोंडून निघून गेलं.

मास्तर टाचणीकडे वळले. "तू... का नाही..."

"बोललो होतो," टाचणी म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "तुम्ही तिला विचारलंत."

मास्तरांनी मान हलवली. हो, असंच झालं होतं. ते बराच वेळ मान हलवत राहिले. मग त्यांचा हात गळ्यावरून निघाला आणि खांद्यावर आला, आणि तो अवघड शब्द त्यांनी असा स्वच्छ उच्चारला की आत्याने तोंडाला पदर लावला. दुसरा खांदा. हात, छाती, हृदय, नाभी, कंबर. घाई नव्हती. मांडीवरून हात गुडघ्यावर आला, ताठ गुडघ्यावर, आणि पँटवरूनसुद्धा त्यांच्या बोटांना आतलं हाड कळलं असावं. साठ वर्षं माणसांची अंगं चाचपलेली बोटं ती. मास्तर थांबले. कवचात गुडघ्यांचं रक्षण एकदाच मागायचं असतं. त्यांनी तीनदा मागितलं.

पायांपर्यंत त्यांचा हात पोचेना. ताई पुढे झाली, जमिनीवर बसली आणि वडिलांच्या जागी आपला हात पुढे केला. टाचणीने पाय मागे घेतला. वाकणारा होता तो घेता आला, दुसरा तिथेच राहिला. तो तसा राहिला म्हणून त्यावर हात ठेवायचा, हे ताईला बरोबर वाटलं नाही. ती उठून भिंतीला टेकली. आत्याने गुडघ्यांवर जोर देत खाली बसून दोन्ही पायांवर हात ठेवला आणि मास्तरांनी कवच पुरं केलं.

नंतर त्यांनी ताईकडे बघितलं. ती वाट बघत होती. एक शिवी दिली असती तरी तिला चाललं असतं.

"बाण," मास्तर म्हणाले. "काढले नाहीस?"

"नाही, बाबा."

"हं," ते म्हणाले, आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचा श्वास लांब झाला. भर सकाळी, औषधाशिवाय, ते गाढ झोपले.

आत्याने डॉक्टरांना फोन करून औषध तूर्त नको असं सांगितलं आणि ताईशी एक शब्द न बोलता निघून गेली. यजमान मोरीत कप विसळत होते. चारच कप होते, पण ते संपत नव्हते. चौदा वर्षांच्या संसारात ताईने त्यांना पडद्याची गोष्ट दोनदा सांगितली होती, दोन्ही वेळा खोटी. आता त्यांच्याकडे जाऊन काय बोलायचं, हे तिला सुचेना, म्हणून ती टाचणीमागोमाग दारापर्यंत आली.

"तू कबूल का करत होतास?" तिने विचारलं.

"त्यांना झोप लागावी म्हणून. आळ काय, एकदा आलाच होता माझ्यावर. जुना झालाय तो."

"टाचणी, मला..."

"माफीबिफी आज मागू नकोस, ताई. मी देऊन टाकेन भिडेपोटी आणि घरी जाऊन मला राग येईल." त्याने रस्त्याकडे बघितलं. "एक विचारू? बावीस वर्षं रोज म्हणतेस ना कवच? त्यात एकदा तरी माझ्यासाठी म्हटलंस?"

हो म्हणणं सोपं होतं. कोण तपासायला येणार होतं? तिचे ओठ हललेसुद्धा.

"नाही," ती म्हणाली. "तुझं नाव घेतलं की पुढचं म्हणवत नसे. मग स्वतःसाठीच म्हणायचे. मन शांत व्हावं म्हणून."

"झालं?"

"एक दिवससुद्धा नाही."

टाचणीने मान डोलावली. त्याला पायरी उतरायची होती आणि धरायला काही नव्हतं. त्याने ताईच्या खांद्यावर हात ठेवला, ताठ पाय आधी खाली टेकवला, मग दुसरा. तो हात चांगलाच जड होता. उतरून झाल्यावर त्याने तो काढून घेतला.

"पुढच्या सोमवारी येतो," तो म्हणाला. "बाबांसाठी येणार आहे."

"कळलं," ताई म्हणाली.